१४५ आणि १९२

भ्रष्टाचाराच्या बंदोबस्तासाठी नवी यंत्रणा उभारण्याचा विषय निघाला, की भारतातील कायदेमंडळे दोनपैकी एका टोकाला जातात: एक तर चर्चा इतकी लांबते की विधेयकाचा मुद्दाच हरवतो, नाही तर ती होतच नाही. महाराष्ट्र विधानसभेने २८ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात लोकायुक्त विधेयक मंजूर केले, ते दुसऱ्या रीतीने. शिक्षक पात्रता परीक्षेतील कथित गैरव्यवहारावरून विरोधकांनी सभात्याग केलेला होता आणि मुख्यमंत्र्यांनाही चौकशीच्या कक्षेत आणणारे हे महत्त्वाचे विधेयक चर्चेविना संमत झाले. एका गैरव्यवहाराचा निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडलेल्या सदस्यांनी सगळ्याच गैरव्यवहारांच्या चौकशीची चौकट ठरत असताना आत नसावे, यातला विरोधाभास त्यांच्या लक्षात आला नसेल असे नाही. पण सभात्यागाची बातमी त्याच दिवशी होते आणि विधेयकातील कलमांवर केलेल्या भाषणाची बातमी बहुधा होतच नाही, हेही त्यांना चांगले ठाऊक असते.

त्या दिवशी काय वाचायचे राहून गेले, ते पाहण्यासारखे आहे. मुख्यमंत्र्यांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी सुरू करण्यापूर्वी लोकायुक्तांनी विधानसभेची मान्यता घ्यावी आणि ही मान्यता सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश मतांनी मिळावी, अशी अट त्यात आहे. विधानसभेचे सदस्य २८८, म्हणजे मान्यतेसाठी १९२ मते लागणार. मुख्यमंत्रिपदावर बसण्यासाठी आणि टिकण्यासाठी १४५ सदस्यांचा पाठिंबा पुरतो, आणि ज्याच्यामागे १४५ आहेत त्याच्या विरोधकांकडे उरतात जास्तीत जास्त १४३. तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या स्वतःच्या बाकांवरील निदान एकोणपन्नास आमदारांनी आपल्याच नेत्याच्या चौकशीसाठी हात वर केल्याशिवाय तक्रारीची साधी शहानिशाही सुरू होऊ शकत नाही, आणि ज्या विधानसभेत एवढे आमदार नेत्यावर उलटतात तिथे तो मुख्यमंत्री त्याआधीच पायउतार झालेला असतो. केंद्राच्या लोकपाल कायद्यातही पंतप्रधानांसाठी दोन तृतीयांशांची अट आहे; मात्र ती लोकपाल संस्थेच्या सदस्यांच्या संमतीची आहे, खासदारांच्या नव्हे. दोन्ही कायद्यांत आकडा तोच दिसतो; एकीकडे तो चौकशी करणाऱ्यांच्या हाती आहे आणि दुसरीकडे जिची चौकशी व्हायची त्या व्यक्तीच्या पाठीराख्यांच्या हाती.

लोकायुक्त ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. प्रशासनाविरुद्ध नागरिकांच्या तक्रारी स्वतंत्रपणे तपासणारा अधिकारी, ज्याला स्वीडनने १८०९ मध्ये ‘ओम्बुड्समन’ या नावाने घटनात्मक स्थान दिले, तसा अधिकारी भारतात असावा अशी शिफारस मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये केली आणि केंद्रासाठी लोकपाल, राज्यांसाठी लोकायुक्त अशी विभागणी सुचवली. संसद या शिफारशीवर घुटमळत असताना महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून पुढच्याच वर्षी लोकायुक्तांची नेमणूकही केली, हे श्रेय राज्याला द्यायलाच हवे. परंतु या लोकायुक्तांचे काम मुख्यतः तक्रार ऐकून शिफारस करण्याचे राहिले. मुख्यमंत्री त्यांच्या कक्षेबाहेर होते आणि शिफारस मानायची की नाही हे शासन ठरवत होते. गोव्यात हेच चित्र अधिक उघडेपणाने दिसले: २०२० मध्ये निवृत्त होताना तेथील लोकायुक्त न्या. पी. के. मिश्रा यांनी आपण दिलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही, असे जाहीरपणे सांगितले, आणि त्यानंतर गोवा सरकारने दुरुस्ती केली ती लोकायुक्ताच्या कायद्यात.

संस्थांच्या या दुबळेपणाचे मूळ त्यांच्या कायद्यांत शोधले जाते, पण ते खरे तर सभागृहांच्या वागणुकीत आहे. भारतीय संसदेने भ्रष्टाचाराचा सर्वांत परिणामकारक पाठपुरावा केला तो लोकपाल हा शब्दही अस्तित्वात नसताना. १९५६ मध्ये खासगी विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि वर्षभरातच, जून १९५७ मध्ये, या महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. त्यांत भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास होती, कोलकात्याची जेसप होती. महामंडळाच्या गुंतवणूक समितीचा सल्ला या व्यवहारात घेतला गेला नव्हता. लोकसभेत याविषयी आधी प्रश्न विचारला गेला, त्याला सरकारकडून गुळमुळीत उत्तर मिळाले, आणि एरवी जिथे असा विषय संपतो तिथे तो संपला नाही. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी कागदपत्रे घेऊन उभे राहिले. ते सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य होते आणि पंतप्रधानांचे जावई. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत की कोणाच्या राजीनाम्याची मागणी करीत ते अध्यक्षांच्या आसनाकडे धावले नाहीत. त्यांनी तारखा आणि भाव वाचून दाखवले. विमाधारकांचा पैसा अडचणीत आलेल्या एका माणसाला सावरण्यासाठी वापरला गेला, हा निष्कर्ष त्या तारखांतून आणि भावांतून ऐकणाऱ्यांनीच काढला.

पुढचा भाग मुंबईत घडला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मदअली करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि त्यांनी चौकशी दारे लावून न करता उघड केली, इतकी की आत न मावणाऱ्या लोकांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. महिन्याच्या आत अहवाल तयार झाला. त्यातील मध्यवर्ती सूत्र असे, की सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही. ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव मंत्र्यासाठी उपलब्ध नाही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला. पहिल्या भाषणापासून राजीनाम्यापर्यंत जेमतेम दोन महिने गेले, आणि यासाठी कोणताही नवा कायदा लागला नाही.

याच कृष्णम्माचारींकडे सहा-सात वर्षांपूर्वी एका वेगळ्या समितीचे अध्यक्षपद होते. हंगामी संसदेचे मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी पैसे घेऊन मुंबईच्या सराफ संघटनेसाठी संसदेत प्रश्न आणि दुरुस्त्या मांडल्याचा आरोप झाला, तेव्हा १९५१ मध्ये नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा ठराव मांडला आणि अहवाल आल्यावर आपल्याच पक्षाच्या या सदस्याच्या हकालपट्टीचाही. मुद्गल यांनी ठरावावर निर्णय होण्याआधी राजीनामा दिला. तरीही ते हकालपट्टीस पात्र होते, अशी नोंद सभागृहाने केली. चोपन्न वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये, प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांची संसदेने हकालपट्टी केली, त्यांत महाराष्ट्राचे दोघे होते. ही तत्परता कौतुकास्पद असली तरी दोन्ही प्रसंगांत सापडलेले सदस्य मागच्या बाकांवरचे होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. १९९३ च्या अविश्वास ठरावावर सरकार वाचवण्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी लाच घेतल्याचा आरोप होता, तेव्हा सभागृहातील मतदानाला असलेल्या घटनात्मक संरक्षणाची ढाल १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन विरुद्ध दोन अशा निकालाने त्यांच्या कामी आली, आणि तो निकाल चुकीचा होता हे त्याच न्यायालयाने सात न्यायमूर्तींच्या पीठाद्वारे म्हणायला मार्च २०२४ उजाडला. या सव्वीस वर्षांत संसदेला स्वतः कायदा करून ही पळवाट बुजवता आली असती. तिने ते केले नाही.

लोकपालाची कथा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. हा शब्द लक्ष्मीमल सिंघवी यांनी १९६३ मध्ये लोकसभेत बोलताना घडवला. पहिले विधेयक १९६८ मध्ये आले, लोकसभेत मंजूर झाले आणि राज्यसभेत अडकून लोकसभेच्या विसर्जनाबरोबर संपले. पुढे दर काही वर्षांनी नवे विधेयक येत राहिले आणि व्यपगत होत राहिले, म्हणजे लोकसभेची मुदत संपताच आपोआप रद्द होत राहिले. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या २०११ च्या उपोषणाने हे चक्र मोडले, हे खरे. २७ ऑगस्ट २०११ रोजी दोन्ही सभागृहांत झालेली चर्चा गंभीर होती. पण त्याच वर्षी २९ डिसेंबरच्या रात्री राज्यसभेत जे झाले ते चर्चेचे नाटक होते: १८७ दुरुस्त्या, मंत्र्यांच्या हातातून ओढून फाडलेली विधेयकाची प्रत, आणि घड्याळात बारा वाजताच सभागृहाची बेमुदत तहकुबी. विधेयकाला खरा आकार आला तो त्यानंतर प्रवर समितीत, म्हणजे एखाद्या विधेयकाची कलमवार छाननी करण्यासाठी नेमलेल्या मोजक्या सदस्यांच्या समितीत. सत्यव्रत चतुर्वेदी यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने राज्यांच्या लोकायुक्तांचा वादग्रस्त भाग वेगळा काढला आणि २०१३ च्या डिसेंबरात, लोकसभेत गदारोळ चालू असताना का होईना, कायदा झाला.

इतके करूनही निवड समितीत लोकसभेतील विरोधी पक्षनेता असेल, हे गृहीत धरताना तो नसेल तर काय, याचे स्पष्ट उत्तर कायद्यात लिहिले गेले नाही, आणि २०१४ मध्ये सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाला ४४ जागा मिळून मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच उरला नाही. या एका सबबीवर नेमणूक पाच वर्षे रखडली. जागा रिक्त असली तरी कायदा राबवता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितल्यावरही आणखी दोन वर्षे गेली. न्या. पिनाकी चंद्र घोष मार्च २०१९ मध्ये पहिले लोकपाल झाले, म्हणजे शब्दाला माणूस मिळायला छप्पन्न वर्षे लागली. त्यांच्यानंतरही हे पद जवळपास दोन वर्षे नियमित नेमणुकीविना होते. २०२४ मध्ये मूळचे पुण्याचे न्या. अजय खानविलकर यांनी ते स्वीकारले. २०२५ मध्ये या संस्थेचे नाव देशभर गाजले ते सात बीएमडब्ल्यू मोटारींच्या निविदेमुळे. जिच्याकडून मंत्र्यांची झोप उडावी अशी अपेक्षा होती, ती संस्था विनोदाचा विषय व्हावी, याचे दुःख फारसे कोणाला झालेले दिसले नाही.

दरम्यान संसदेची स्वतःची हत्यारे बोथट होत गेली. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसत असे, सतरावी ५५. २००९ ते २०१४ या काळात सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे छाननीसाठी गेली होती, सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सोळा टक्क्यांवर आले. २०२० च्या सप्टेंबर अधिवेशनात महासाथीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, आणि मुंदडा प्रकरण एका प्रश्नातूनच निघाले होते हे ध्यानात घेतले तर त्या तासाची किंमत कळते. हा दोष एकट्या सत्ताधाऱ्यांचा नाही. स्पेक्ट्रम वाटपावरील महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१० मध्ये आला, तेव्हा संयुक्त संसदीय समितीच्या मागणीसाठी त्या वेळच्या विरोधकांनी संपूर्ण हिवाळी अधिवेशन वाया घालवले. मंत्र्यांना रोज अकरा वाजता उभे करून उत्तरे घेण्याची संधी त्यांनी आपणहून सोडली.

आता घटनेच्या १३० व्या दुरुस्तीचे विधेयक संयुक्त समितीपुढे गेले आहे. पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत राहिलेल्या पंतप्रधान, मुख्यमंत्री वा मंत्र्याचे पद एकतिसाव्या दिवशी जावे, असे ते सांगते. तुरुंगातून कारभार चालू नये हा हेतू समर्थनीय आहे. पण कोठडी म्हणजे दोषसिद्धी नव्हे आणि अटकेचा अधिकार ज्या यंत्रणांकडे आहे त्या केंद्र सरकारच्या हाताखाली असतील तर राज्यातील सरकार कधी पडावे हे दिल्लीतून ठरू शकते, ही शंका गैरलागू म्हणता येणार नाही. २० ऑगस्ट २०२५ रोजी विधेयक मांडले गेले तेव्हा विरोधकांनी प्रती फाडून गृहमंत्र्यांच्या दिशेने भिरकावल्या, आणि पुढे अनेक विरोधी पक्षांनी समितीवरच बहिष्कार घातला. जामीन नाकारण्याची कारणे न्यायालयाने लेखी तपासल्याशिवाय पद जाऊ नये, अशी एखादी दुरुस्ती समितीतच सुचवता येते, आणि ती सुचवणाऱ्यांच्या खुर्च्या तिथे रिकाम्या आहेत.

महाराष्ट्राचे विधेयक विधान परिषदेत मंजूर व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला आणि तेथून ते राष्ट्रपतींच्या मंजुरीच्या फेऱ्यात गेले. १९२ मतांचा तो ठराव कधी काळी सभागृहापुढे आलाच, तर तो मांडणार कोण, तक्रारीचे कागद आमदारांना पाहायला मिळणार की बंद पाकीटच समोर येणार, पक्षादेश लागू होणार की नाही, मतदान नावानिशी नोंदले जाणार की आवाजी होणार, आणि मान्यता नाकारली गेली तर तीच तक्रार पुन्हा आणता येणार का, हे सगळे प्रश्न कोणत्याही जागरूक आमदाराला सुचले असते. २८ डिसेंबर २०२२ रोजी विधानसभेत ते कोणी विचारले नाहीत. विरोधक बाहेर गेलेले होते आणि आत बसलेले होते ते मुख्यमंत्र्यांचे पाठीराखे.