हरलेली पोरं वाचायलाच हवीत

'कोसला'सारखी पुस्तकं पोरांच्या हाती देऊ नयेत, असं म्हणणारे पालक पुण्यात भेटतात तसे आपल्या अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीतही भेटतात. त्यांचा मुद्दा सरळ आहे. 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर बापाच्या पैशावर पुण्याला शिकायला जातो, परीक्षेत आपटतो आणि हात हलवत सांगवीला परततो. 'शाळा' या कादंबरीतल्या मुकुंदालाही शेवटी त्याला आवडणारी शिरोडकर गाव सोडून गेल्याचंच कळतं. मोठं होण्याच्या या गोष्टींत कोणी धड मोठं होत नाही. मग पोरांनी यातून घ्यायचं काय?

कथानक त्यांनी बरोबर सांगितलं, निष्कर्ष मात्र चुकीचा काढला. मोठं होणं म्हणजे पदवी, नोकरी, लग्न आणि मग तोंड मिटून संसार, हे ते गृहीत धरतात. १९६३ साली 'कोसला' या कादंबरीतून नेमाड्यांनी याच गृहीतकाला हात घातला. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते, तेव्हा पांडुरंग चार लोकांसारखा सावरला असता तर समजूतदार ठरला असता. तो सावरत नाही. ती पानं आजही अंगावर येतात. 'कोसला'ची नक्कल करून नुसतं उदास लिहिणाऱ्यांवर पालकांचा राग असेल, तर तो मला मान्य आहे.

पण खरी साक्ष आपल्याच अक्कलकोट तालुक्यात आहे. हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आलं. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. तरी या वादात त्याच्याइतकं वजन दुसऱ्या कशाला नाही. पांडुरंग बापावर चिडू तरी शकतो. इथे शाळेत बापाचं नाव काय लावायचं, हाच पेच आहे, कारण आई दलित आणि बाप वरच्या जातीतला पाटील. पोराला जसजशी समज येते, तसतसं कळत जातं की गावानं आपल्याला जागाच ठेवलेली नाही. हा भ्रमनिरास कच्चेपणातून आलेला नाही, तो समज आल्यामुळेच झाला आहे. याला अपयश म्हणायचं, तर ते गावाच्या खात्यावर मांडा.

मैंदर्गीत घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी पोरं बारावीनंतर सोलापूर-पुण्याची गाडी धरतात. काही परत येतात आणि 'काय झालं मग?' या प्रश्नापुढे मान खाली घालतात. शिक्षकांनो, ही पुस्तकं त्यांना जाण्याआधीच द्या, आणि 'अक्करमाशी' सगळ्यांत आधी.