माठाला घासाघीस, मगाला फ्री डिलिव्हरी

मे महिन्यात भाईंदर स्टेशनबाहेर एक माठ घेतला. तीनशे सांगितले होते, अडीचशेला पटवला. त्याच आठवड्यात बावीसशे रुपयांचा मग ऑनलाइन मागवला, ‘जपानी पद्धतीची नैसर्गिक झिलई’वाला. तिथे घासाघीस करायला बटणच नसतं. मगाची कड वाकडी निघाली. त्याला वाबी-साबी म्हणतात. माठाची कड तशी असती, तर मी आणखी वीस रुपये पाडले असते.

मगासोबतच्या कार्डावर ‘केमिकल-फ्री’ असं लिहिलं होतं. ही निव्वळ थाप आहे. लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश असतं. भट्टी १२०० अंशांच्या पुढे गेली की त्यांच्यामुळे मातीतली सिलिका वितळते आणि भांड्यावर काचेचा थर चढतो. शिगाराकीच्या लाकडी भट्ट्यांत उडती राख भांड्यांवर बसून हे आपोआप घडतं. सुंदरच दिसतं ते, पण आहे केमिस्ट्रीच. आपला माठ त्याहून बऱ्याच कमी तापमानाला भाजतात आणि त्याला झिलई देत नाहीत. म्हणून तर पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. झिलई दिली तर माठ बिघडेल.

तरी आमच्या ऑफिसात माठ म्हणजे गावठी आणि मग म्हणजे कला. जपानचं नाव घेऊन असं बोलणाऱ्यांनी तिथला इतिहास तरी वाचावा. १९२५ साली यानागी सोएत्सु, हामादा शोजी आणि कावाई कान्जिरो यांनी ‘मिंगेई’ हा शब्द घडवला, तो निनावी कारागिरांनी केलेल्या रोजच्या वापरातल्या स्वस्त वस्तूंसाठी. यानागींनी ज्याच्यावर भरभरून लिहिलं, ते किझाएमोन चहापात्र कोरियातल्या कुणा अनाम कुंभाराचं भांडं आहे. जपानने त्याला राष्ट्रीय ठेवा मानलंय. (पुढे हामादांचीच भांडी महाग झाली, हा भाग वेगळा.) १९७४ साली जपानने पारंपरिक हस्तव्यवसायांसाठी कायदा केला, त्यातही वस्तू मुख्यतः रोजच्या वापरातली हवी, अशी अट आहे. या हिशेबाने मिंगेई माझा माठ आहे, मग नव्हे.

माहीमला उतरून धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन या. मूळची सौराष्ट्रातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे चाक फिरवताहेत. भट्ट्या घरांच्या मधोमध आहेत, त्यांत कापडाच्या चिंध्या जळतात आणि धूर होतो. तो धूर वाईटच, आणि आधी त्यांच्याच छातीत जातो. पण जपानी भट्टीच्या धुराचे रील्स लाइक करणारे आम्ही इथल्या धुरावर उपाय काय सांगतो, तर भट्ट्या हलवा. गॅसची भट्टी घ्यायला पैसे लागतात आणि अडीचशेच्या माठातून ते निघत नाहीत, हा हिशेब करायला इंजिनिअर लागत नाही.

एक मित्र म्हणाला, कुंभारांनीही इन्स्टाग्रामवर यावं, आपली स्टोरी सांगावी. सांगतील की. पण धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा घराच्या चौरस फुटांवर अडते. ओली मडकी वाळवायचं अंगण त्यात कुठे धरायचं? आणि सतराव्या मजल्यावर भट्टी कशी लावायची?