पदवीची दोन मोले

विद्यापीठ हा शब्द उच्चारताच भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील पालकांच्या डोळ्यांपुढे आजही गणेशखिंडीतील पुणे विद्यापीठच उभे राहते. शहरातील सुस्थित घरांत मात्र सूर पालटला आहे. तेथे खासगी विद्यापीठातील प्रवेश हा अभिमानाचा विषय, आणि सार्वजनिक विद्यापीठातील प्रवेश म्हणजे दुसरीकडे जमले नाही याची कबुली, अशी समजूत रूढ होऊ पाहत आहे. एकाच जिल्ह्यात पदवीला अशी दोन मोले यावीत, ही गोष्ट चिंतनीय होय.

प्रतिष्ठा प्रदेशागणिक बदलते, हे खरे. अमेरिकेच्या पूर्व भागात हार्वर्ड, येल या खासगी विद्यापीठांचा दबदबा आहे. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात मान आहे तो सार्वजनिक विद्यापीठाला. 1862 च्या कायद्याने तेथे उच्च शिक्षणासाठी सरकारी जमिनी दिल्या गेल्या आणि पुढेही लोकांनी त्या विद्यापीठाला आपले मानले. तात्पर्य, प्रतिष्ठा आपोआप उगवत नाही. ती पोसावी लागते.

आपल्याकडे काय झाले? 1948 साली भोर संस्थान विलीन झाले आणि 1949 साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले. संस्थानची प्रजा नागरिक झाली, त्याच सुमारास तिला हे विद्यापीठ लाभले. आज सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाचे राष्ट्रीय मानांकनात विद्यापीठांच्या गटातील स्थान 2024 साली 23 वे होते. 2025 साली ते 56 वे झाले. अध्यापकांच्या रिक्त जागा हे त्याचे एक प्रमुख कारण सांगितले गेले.

खासगी विद्यापीठे नसावीत, असे आमचे म्हणणे नाही. 1885 साली फर्ग्युसन महाविद्यालयही खासगी प्रयत्नांतूनच उभे राहिले; परंतु त्या प्रयत्नांमागे अल्प वेतनावर शिकविणाऱ्या आजीव सदस्यांचा त्याग होता. आज मात्र शुल्काचा आकडाच प्रतिष्ठेची खूण ठरू लागला आहे. मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी 2024-25 पासून राज्य शासनाने जी शुल्कमाफी दिली, तिच्यातून खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळण्यात आली. मग वेल्ह्याच्या डोंगरकपारीतील मुलीला निवड कसली? सार्वजनिक विद्यापीठाची पदवी हीच तिची पदवी. त्या पदवीचे मोल उतरले तर शहरातील मुलाला दुसरा मार्ग आहे, तिला नाही.

रिक्त जागा भरणे हे शासनाचे कर्तव्य. त्या भरावयास लावणे हे शहरातील सुशिक्षितांचे. परंतु ज्यांच्या शब्दाला मंत्रालयात वजन आहे, त्यांचीच मुले तेथे शिकेनाशी झाली, की तो शब्द उच्चारला जात नाही. दुखणे आहे ते येथेच. वेल्ह्यातील पानशेतचे पाणी पुणेकरांनी प्यावे आणि तेथील मुलीच्या विद्यापीठाकडे मात्र पाठ फिरवावी, याला न्याय म्हणता येणार नाही.