नाटे बंदर आणि खिशातील भ्रमणध्वनी

9 जानेवारी 2025 रोजी महाराष्ट्र शासनाने बेकायदा मासेमारीवर लक्ष ठेवण्यासाठी किनाऱ्यावरील नऊ ठिकाणांहून ड्रोनद्वारे गस्त सुरू केली. रत्नागिरी जिल्ह्यातील दोन ठिकाणे म्हणजे मिरकरवाडा आणि राजापूर तालुक्यातील साखरीनाटे. 2011 साली अणुऊर्जा प्रकल्पाविरोधातील आंदोलन आणि पोलीस गोळीबार यांमुळे नाटे गावाचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत आले होते. या वेळी ते यंत्राच्या निमित्ताने आले. या यंत्रांमुळे तेथील मच्छीमाराच्या पदरात काय पडेल, हा प्रश्न आपण विचारावयास हवा.

भ्रमणध्वनी, उपग्रह आणि आंतरजाल यांमुळे विकसनशील देशांची संपत्ती वाढते, असे अर्थतज्ज्ञ सांगत आले आहेत. जागतिक बँकेच्या 2009 सालच्या अहवालानुसार अशा देशांत दर शंभर माणसांमागे दहा भ्रमणध्वनी वाढले, तर आर्थिक वाढीचा दर सुमारे 0.8 टक्क्याने उंचावतो. हा आकडा सरासरीचा आहे. सरासरीत होडीमालक, खलाशी आणि टोपली घेऊन बसलेली मासळीवाली यांचा निराळा हिशेब मांडलेला नसतो.

मासेमारीपुरता असा हिशेब केरळात मांडला गेला. रॉबर्ट जेन्सन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास 1997 ते 2001 या काळातील उत्तर केरळचा आहे. 14 जानेवारी 1997 रोजी वडकरा येथे अकरा मच्छीमारांना गिऱ्हाईक न मिळाल्याने मासळी फेकून द्यावी लागली. त्याच दिवशी पंधरा किलोमीटरच्या आत सत्तावीस खरेदीदार मासळीवाचून उभे होते! पुढे किनाऱ्यालगत मनोरे उभारले गेले आणि समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत संपर्क होऊ लागला. कोणत्या बंदरात तारलीला भाव आहे हे विचारून मगच होडी वळू लागली. नासाडी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे 4 टक्के स्वस्त मिळाली.

मात्र या यशामागे एक अट आहे. भाव कळल्यावर होडी वळवण्याची मुभा हवी. डिझेल, बर्फ आणि जाळ्यांसाठी ज्याने व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम उचलली आहे, त्याची मासळी समुद्रातून निघण्याआधीच विकली गेलेली असते. शेजारच्या बंदरात चढा भाव आहे ही वार्ता त्याच्या कानी पडते, पण होडी मात्र ठरलेल्या धक्क्यालाच लागते. (वसई-उत्तनच्या किनाऱ्यावरील आमच्या बंधुभगिनींना हे सांगणे नको.)

माशांच्या वार्तेचेही तसेच आहे. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही शासकीय संस्था उपग्रहाच्या साहाय्याने मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, ते कळवते. सूचना सर्वांना एकच. पण तेथे आधी पोहोचते ती मोठ्या यंत्राची नौका. प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. तरीही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. म्हणून साखरीनाटे येथील ड्रोनचे आम्ही स्वागत करतो. ही टेहळणी नियम मोडणाऱ्या बड्या नौकांवर राहिली, तर लहान होडीचा वाटा वाचेल. ती केवळ लहानांचे परवाने तपासू लागली, तर हेच यंत्र त्यांना जाचेल.

जिवाच्या सुरक्षिततेबाबत मात्र आमच्या मनात शंका नाही. 2017 च्या ओखी वादळाआधी समुद्रात गेलेल्या अनेकांना इशारा मिळालाच नाही, कारण ते भ्रमणध्वनीच्या टप्प्यापलीकडे होते. केरळ-तमिळनाडूच्या साठाहून अधिक नौका वादळाने भरकटत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. अनेक जण परतलेच नाहीत. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेल्या योजनेत एक लाख नौकांवर उपग्रहाद्वारे दोन्ही बाजूंनी संदेश पोहोचवणारी उपकरणे बसवायची आहेत. अशा उपकरणाची किंमत नफ्यातोट्यात मोजू नये.

राहता राहिला कर्जाचा प्रश्न. किसान क्रेडिट कार्डाची सोय 2018-19 च्या अर्थसंकल्पात मच्छीमारांसाठी खुली झाली. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. त्यामुळे शेतकऱ्याच्या दराने कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. हे कर्ज बँकेच्या शाखेतून नाटे येथील खलाशाच्या आणि मासळीवालीच्या हाती किती सुलभतेने पडते, त्यावर त्यांच्या खिशातील भ्रमणध्वनीचा उपयोग अवलंबून आहे. ऑगस्टमध्ये बंदी उठून होड्या पाण्यात उतरतात. कागदपत्रे त्याआधी, जून-जुलैच्या रिकाम्या दिवसांतच पूर्ण व्हावयास हवीत.