करसवलत बारा लाखांना, मजुरीचे काय?

कुंभकोणमजवळच्या तिरुवलंचुळीला बहुतेक लोक श्वेत विनायकाच्या दर्शनासाठी जातात. मीही त्यासाठीच गेलो होतो. पण लक्षात राहिली ती भाताची खाचरे. लावणी चालू होती आणि चिखलात वाकलेल्या जवळपास सगळ्या स्त्रियाच होत्या. त्यांच्यापैकी कोणी कधी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले असेल, असे मला वाटत नाही.

२०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. मध्यमवर्गाला दिलासा मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र एक हिशेब मांडून पाहा. रोजगार हमी योजनेचा २०२५-२६ चा दर तमिळनाडूत दिवसाला ३३६ रुपये होता, महाराष्ट्रात ३१२. ३३६ रुपये रोजाने, एकही दिवस खाडा न करता राबले, तरी १२ लाख हाती यायला पावणेदहा वर्षे लागतील. २०२५ मध्ये योजनेची हमी तर वर्षाला १०० दिवसांचीच होती.

‘गरीब कुठे कर भरतात?’ हा प्रश्न दिवाणखान्यांत नेहमी ऐकू येतो. भरतात. साबणाच्या वडीवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के वस्तू व सेवा कर होता, आता ५ टक्के आहे. तो लावणी करणारी स्त्री आणि खाचराचा मालक सारखाच भरतात. कंपन्यांच्या करात २०१९ साली ३० वरून २२ टक्के अशी कपात झाली, तेव्हा मात्र मजुरीचा विषय कोणी काढला नाही.

जुलै २०२५ मध्ये सरकारने जागतिक बँकेच्या आकड्यांवरून भारताला जगातील चौथा सर्वाधिक समान देश ठरवले. त्यामागचा २५.५ हा गिनी निर्देशांक उपभोगखर्चाचा आहे, उत्पन्नाचा नव्हे. श्रीमंतांचे उत्पन्न खर्चात उतरतेच असे नाही, उरलेले साठत जाते. थॉमस पिकेटी व सहकाऱ्यांच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता. या अंदाजांवर आक्षेप आहेत, ते जरूर तपासावेत. पण खर्चाचा आकडा उत्पन्नाचा म्हणून खपवू नये.

कावेरीच्या या खोऱ्यात मजुरीचा वाद कधीच केवळ आकड्यांचा नव्हता. मराठी वाचकांना तंजावर आठवते ते भोसल्यांचे, सरस्वती महालाचे. त्याच तंजावर जिल्ह्यात तेव्हा मोडणाऱ्या किळवेण्मणीत २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित जाळून मारले गेले. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. शेतमजुरांनी मागितले होते ते कापणीचे थोडे अधिक भात. जमीनदार आरोपी पुढे मद्रास उच्च न्यायालयातून सुटले. पूर्व तंजावरसाठी शेतमजुरांच्या वाजवी मजुरीचा कायदा झाला तो १९६९ मध्ये, या हत्याकांडानंतर.

आज इतके रक्त सांडत नाही; फायली पडून राहतात. केंद्राच्याच अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये राष्ट्रीय किमान मजुरी दिवसाला ३७५ रुपये असावी, अशी शिफारस केली होती, तीही २०१८ च्या किमतींनुसार. २०२५ चे ३३६ रुपये त्याहून कमीच आहेत. त्या शिफारशीचे काय झाले, हे पुढच्या अर्थसंकल्पी भाषणात करांच्या टप्प्यांआधी सांगितले जावे, अशी माझी मागणी आहे.