शाळेला मुभा, वाचनालयाला नाही

गावच्या वाचनालयाने सुटीत मुलांना चित्रपट दाखवायचा ठरवला, तर एखाद्या सभासदाच्या ओटीटी खात्यावरून तो पडद्यावर लावणे सोपे वाटते. तिकीट नाही, नफा नाही. तरीही ते विनापरवाना जाहीर प्रदर्शन ठरू शकते. या खात्यांच्या वर्गणीतून सहसा घरगुती वापराचाच हक्क मिळतो.

१९५७च्या प्रताधिकार कायद्याचे ५२वे कलम शिक्षणसंस्थांना सवलत देते. प्रेक्षक शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्तींपुरतेच मर्यादित असतील, तर संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवता येतो. सार्वजनिक वाचनालयाला अशी सवलत नाही. म्हणजे तीच मुले, तोच चित्रपट. शाळेत वैध, वाचनालयात अवैध.

जुना चित्रपट निवडणे हाही पूर्ण उपाय नव्हे. प्रकाशनानंतर ६० वर्षांनी चित्रपटावरील हक्क संपतो. १९५३चा ‘श्यामची आई’ २०१३अखेर या मुदतीबाहेर गेला. मात्र पटकथा व गीतांचे हक्क स्वतंत्र असून ते लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात.

प्रत्येक वाचनालयाने हक्कधारकाचा माग काढत बसावे, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. गोव्यात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने निवडक मराठी-कोकणी चित्रपटांचे परवाने एकत्रित घेऊन ते गावोगावच्या वाचनालयांसाठी खुले करावेत. त्यातून निर्मात्याला मोबदला मिळेल आणि वाचनालये निर्धास्त होतील. अन्यथा जे वाचनालय नियम पाळेल, त्याचाच पडदा कोरा राहील.