समुद्र नसलेल्या गावातून

परवा भाची म्हणाली, "मामा, मला सागरी पुरातत्त्व शिकायचंय." घरात हशा! येडशीत पोहायला विहीर, आणि हिला बुडालेली जहाजं शोधायची...

मला मात्र हसू आलं नाही. शेजारचं तेर म्हणजे जुनं तगर. इथलं कापड गाड्यांनी भडोच बंदरात जायचं, असं सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात लिहिलंय. मग समुद्र आपल्याला परका कसा?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. करता येतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने द्वारकेच्या समुद्रात शोध घेतलाय. नोकऱ्या मोजक्याच, हे खरं. म्हणून ताईला म्हटलं, आधी पदवी होऊ दे, तोवर पोहणं पक्कं करू दे. पण हसून तिची वाट अडवू नका. आपली पोरं गेलीच नाहीत, तर तगरच्या मालाचा पुढचा प्रवास शोधणार कोण?